दीड लाख रुपये आणि तीन फूट

इंदिरानगरहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: ‘वडिलांनी १९८८ साली हौसेने घेतलेला अँप्लिफायर आणि ८ इंची वूफरच्या स्पीकरची जोडी घरात आहे. दुकानात म्हणाले, टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली साहेब, हे भंगारात द्या. हाय-रेझ डॅक, स्ट्रीमर आणि चांदीच्या वायरी घ्या. दीड लाख बाजूला काढलेत. हॉल १० बाय १५, उंची १० फूट. आवाजाच्या दर्जात खरी प्रगती कशाला म्हणायची आणि पैसे कुठे घालायचे?’

दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. तंत्र पुढे गेलंय, आणि बरंच गेलंय. पण तो ज्या तीन वस्तू (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डॅक, इंटरनेटवरून गाणी ओढणारा स्ट्रीमर आणि वायरी) तुमच्या गळ्यात मारतोय, नेमक्या त्यांच्यात सुधारण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. मी तीसेक वर्षं नाशकात अँप्लिफायर उघडतोय, स्पीकरचे कागदी कोन बदलतोय आणि लोकांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून स्पीकर वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकवतोय. एवढ्या वर्षांत एकच मोजपट्टी हाताशी राहिली. ध्वनिमुद्रणापासून कानापर्यंत आवाज ज्या पायऱ्या उतरतो, त्या प्रत्येक पायरीवर तो किती बिघडतो ते कागदावर मांडायचं. जिथे जास्त बिघडतो तिथे कुणी सुधारणा केली तर ती प्रगती. घासलेलं भांडं पुन्हा घासून आणलं, तर ते कितीही चकचकीत असो, मी त्याला प्रगती म्हणत नाही.

तर कागद असा. आजचा दोन-तीन हजारांचा बरा डॅक मूळ आवाजात जी भेसळ करतो ती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. बरा अँप्लिफायर, अगदी १९८८चासुद्धा, टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आत राहतो. स्पीकर मात्र खालच्या सुरांत, आवाज जरा वाढवला की, सहज दोन-पाच टक्के भेसळ करतो. आणि खोलीचा हिशोब टक्क्यांत मांडताच येत नाही. एकाच स्पीकरचा ५० हर्ट्झचा सूर सोफ्याच्या एका टोकाला १० डेसिबलने फुगतो आणि चार फुटांवर दुसऱ्या टोकाला १५ डेसिबलने बुडतो. ढोलाच्या घुमाऱ्याने या टोकाचे काका हैराण, आणि त्या टोकाच्या आजी विचारतात, ढोल कुठाय? आता या कागदावर दीड लाख कुठे ठेवायचे ते तुम्हीच बघा. दुकानदार ते पहिल्या ओळीवर ठेवतोय.

पहिल्या ओळीवर, म्हणजे गाणं जिथून वाचलं जातं तिथे, कधीच प्रगती झाली नाही असं मात्र नाही. उलट माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी तिथेच झाली. कॅसेट डेक दुरुस्त झाला की नाही हे बघायला मी तानपुऱ्याची एक कॅसेट ठेवायचो. मोटरचा वेग किंचित डुलत असेल तर तबल्यावर पटकन कळत नाही, पण तानपुऱ्याचा षड्ज लगेच पोहायला लागतो. रबरी पट्टा बदला, पिंच रोलर बदला, हेड स्पिरिटने पुसा, तरी थोडा डुलणारच. रेकॉर्डचंही तेच, मधलं भोक केसभर सरकलेलं असलं की लांबलेला सूर दर फेऱ्याला वरखाली होतो. १९८२ साली सीडी आली आणि क्वार्ट्झच्या ठोक्याने हा रोग कायमचा संपवला. शिवाय सुईची खरखर गेली, टेपची फुसफुस गेली. आपल्या गाण्याला आणखी एक फायदा झाला, ज्याचं फारसं कुणी बोलत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागे. १९४८ साली लाँग प्ले आली, तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. सीडीवर विलंबित ख्याल सव्वा तास अखंड ऐकता आला. हा फरक कुणाला समजावून सांगावा लागला नाही. शेजारच्या किराणावाल्यालाही तो कळला.

सीडीच्या पुढचं मात्र तसं नाही. सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत हलका आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. तुमच्या हॉलमध्ये रात्री अकरालासुद्धा पंखा, फ्रिज आणि रस्ता मिळून ३५ डेसिबलची गुणगुण असेल. त्यावर ९६ चढवले तर १३१ होतात, म्हणजे कान दुखायची मर्यादा ओलांडून पलीकडे. सीडीच्या सेकंदाला ४४.१ हजार (४४.१ किलोहर्ट्झ) नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर येतात. पन्नाशीच्या माणसाला १२-१३ किलोहर्ट्झच्या वर बहुधा काही ऐकू येत नाही. (हा ४४.१चा विचित्र आकडा आला तो डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायच्या हिशोबातून.) २४ बिट स्टुडिओत हवेतच, कारण तिथे आवाजाची पातळी आधी ठाऊक नसते आणि मिश्रण करताना जागा लागते. घरी ऐकताना त्याचं काम संपलेलं असतं. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एक साधी परीक्षा घेतली. हाय-रेझ, म्हणजे सीडीहून बारीक नोंदीच्या, डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये १६ बिटची गाळणी लावून, कुठला कुठला ते न सांगता ऐकवला. शेकडो फेऱ्यांनंतर निकाल नाणेफेकीइतकाच आला. नंतर एमक्यूए नावाचं एक प्रकरण आलं, फाइलीची घडी घालून ‘स्टुडिओतला आवाज’ घरपोच देणारं. लोकांनी त्यासाठी नवे डॅक घेतले. २०२३ साली ती कंपनीच डबघाईला आली.

स्ट्रीमिंगमध्ये खरी वाढ झाली ती वेगळीच. एक म्हणजे, काटछाट न केलेला सीडीच्या दर्जाचा आवाज आता फोनवर मिळतो. अ‍ॅपलने २०२१मध्ये तो जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. १९९०नंतर प्रत्येक कंपनीला आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं, म्हणून चढउतार दाबून सगळं एका उंचीला आणलं जाई. समेवरची थाप आणि मधला ठेका सारखाच. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाचा ‘मोठेपणा’ मोजायची एक रीत ठरवली, आणि आता स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात. दाबून ओरडण्यातला फायदाच त्यामुळे गेला. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं, कारण ते विकता येत नाही.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना नावं ठेवतोय असं वाटणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन अँप्लिफायर होते. एकात मी परदेशातून मागवलेले महागडे कपॅसिटर लावले आणि आठवडाभर येईल-जाईल त्याला ऐकवलं. आवाज कसा मोकळा झाला, बासरीत हवा कशी यायला लागली, सगळे माना डोलवत होते. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर तो बिनबदललेला निघाला. बदललेला खालच्या फळीवर धूळ खात होता. त्या दिवसापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवून कानाचा निकाल देत नाही.

घरी परीक्षा घ्यायची तर दोन पथ्यं पुरतात. ऐकणाऱ्याला काय चालू आहे हे कळता कामा नये, आणि दोन्हींचा आवाज अगदी सारखा हवा. नुसता एक डेसिबल जास्त असला तरी तो कुणाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानातली निम्मी विक्री या एका डेसिबलवर चालते. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून १०० हर्ट्झच्या सुरावर दोन्हींचं व्होल्टेज एका टक्क्याच्या आत जुळवा. १ किलोहर्ट्झ लावू नका, स्वस्तातला मीटर तिथे थापा मारतो. एवढं केल्यावर चांदीच्या वायरीचा निकाल चहा निवायच्या आत लागतो. हिशोबच बघा: विजेच्या दुकानातल्या १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या ५ मीटर जोडीचा रोध जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आसपास. स्पीकर ८ ओहमचा. यात चांदी काय दिवे लावणार?

अँप्लिफायरमधली मूळ अडचण अमेरिकन इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली ऋण पुनर्भरणाची, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल उलटा परत आणून चूक पुसायची, कल्पना काढून सोडवली, आणि ट्रान्झिस्टर सुधारल्यावर ऐंशीच्या दशकात तो विषय बहुतेक मिटला. नंतर झाली ती प्रगती स्वच्छतेत फार नाही, ताकदीत आहे. पण ती खरी आहे. नाशिक ढोलाचं उदाहरण घ्या, इथे ते सगळ्यांना कळतं. पथक पन्नास फुटांवर वाजत असताना सरासरी आवाज आणि टिपरूच्या फटक्याचं टोक यांत २० डेसिबलचा फरक सहज असतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. सरासरीला १ वॅट लागत असेल तर फटक्याला क्षणभर १०० वॅट हवेत. जुना ३० वॅटचा अँप्लिफायर तिथे माथा छाटतो आणि ढोलाचा पत्र्याचा डबा होतो. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८०वर उतरायचं, ते दिवस आठवत असतील. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटचा जीवच जायचा. क्लास डी अँप्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून ताकद देणारा, ही जुनीच कल्पना. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९६४मध्ये त्याचं किट विकलंही होतं, पण त्याला चालण्याजोगे मॉसफेट ट्रान्झिस्टर तेव्हा नव्हते. या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनो पुट्झीस यांच्यासारख्या इंजिनिअरांनी पुनर्भरणाची जुळणी नीट बसवली, आणि आता तळहाताएवढ्या डब्यातून शंभर वॅट स्वच्छ मिळतात. विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरकडे जाते, उन्हाळ्यात ४० अंशांत डबा तापत नाही, आणि बहुतेकांची पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट काहीही खाते.

खरी मजा स्पीकरमध्ये आहे. गंमत अशी, की तत्त्व १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी मांडलं तेच आजही आहे: चुंबक, तारेचं वेटोळं, कागदाचा कोन. बदललं ते माणसाचं ज्ञान. मी धंद्यात आलो तेव्हा आपल्याकडे स्पीकर कसा निवडायचे? चुंबक उचलून वजन बघायचे. वूफर किती इंची ते विचारायचे. डबा सुताराच्या अंदाजाने प्लायचा, आत ग्लासवूल कोंबलेलं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीत वूफरचे गुणधर्म आणि डब्याचं घनफळ यांचं गणित मांडून ठेवलं होतं. ते आमच्यापर्यंत पोहोचायला नव्वदचं दशक उजाडलं. पहिल्यांदा त्या सूत्रांनी डबा कापला तेव्हा मला कळलं की आधीचे पन्नास डबे मी चुकीचे बनवले होते. ती गिऱ्हाइकं अजून भेटतात, आवाज मस्त आहे म्हणतात. मी गप्प बसतो.

दुसरं मोठं काम कॅनडात झालं. फ्लॉइड टूल यांनी तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ऐंशीच्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले आणि त्यांची मापं काढली. निष्कर्ष असा, की स्पीकर दिसत नसेल तर लोकांची आवड बरीचशी एकच निघते. समोरून सपाट मोजणारा, आणि बाजूंनाही जसजसं सरकावं तसतसा आवाज गुळगुळीत कमी होत जाणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. बाजूंचं एवढं महत्त्व का? कारण सोफ्यावर पोहोचणारा बराचसा आवाज भिंतींवर आपटूनच येतो. समोर गोरागोमटा आणि बाजूला वेडावाकडा असा स्पीकर टाइल्सच्या हॉलमध्ये कर्कश होतो, आणि आपण वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला, ट्विटरला, दोष देतो. यातून पुढे स्पीकरभोवती दर दहा अंशांवर, आडव्या-उभ्या फेऱ्यांत मिळून ७० मापं घ्यायची पद्धत ठरली. आता कित्येक स्पीकरचे असे आलेख खरेदीआधी बघता येतात. ज्या धंद्यात चुंबकाचं वजन बघायचे तिथे हा क्रांतीचाच प्रकार आहे.

तिसरी गोष्ट खर्जाची. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनाला चौपट आत-बाहेर करावं लागतं. जुना ८ इंची वूफर दोन-तीन मिलिमीटरनंतर चुंबकाच्या पकडीतून सुटायचा आणि घोगरा व्हायचा. आता संगणकावर चुंबकाची रचना आधी तपासतात, लेझरने कोनाची हालचाल मोजतात, तांब्याच्या कड्या घालून वेटोळ्याचा उपद्रव कमी करतात. तबल्यावर हे लगेच कळतं. शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर सुरेल पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं होतं. म्हणजे तबला हे सुरात लावलेलं वाद्य आहे, आणि स्पीकरने स्वतःच्या पदरचे सूर मिसळले की तो लगेच बेसूर नाही तरी मळका लागतो. ड्रमसेटवर तेवढीच चूक खपून जाते.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरला मी नाक मुरडत नाही. आतला प्रोसेसर कोनाची मर्यादा सांभाळत मुठीएवढ्या डब्यातून जो खर्ज काढतो तो कमाल आहे. पण स्वयंपाकघरापुरता ठीक. दोन स्पीकरांमध्ये गायक-वादक जसे पसरून बसलेले वाटतात तसं त्यात होत नाही. छतात स्पीकर लावायच्या अ‍ॅटमॉसबद्दलही तुम्ही विचाराल. सिनेमासाठी छान, तुमच्या गाण्यांसाठी दहा फुटांच्या स्लॅबखाली नको.

आता खोली. जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागे एका वाड्याच्या माडीवर मी एकदा सामान्य स्पीकर बसवले होते. सागवानी तुळया, लाकडी पाटण, जाड मातीच्या भिंती, खाली सतरंजी, गाद्या, लोड. पाटण किंचित हलतं आणि खर्ज पिऊन टाकतं. इतका नितळ आवाज मी लाखांच्या सेटमधूनही काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये ऐकलेला नाही. तुमचा हॉल १० फूट रुंद आणि १० फूट उंच. गणित सोपं आहे: आवाजाचा वेग भागिले खोलीच्या मापाची दुप्पट. दोन्हींचं उत्तर ५६ हर्ट्झ. म्हणजे रुंदी आणि उंची एकाच सुरावर घुमतात, आणि लांबी ३८वर. त्यात व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, आणि माझी पैज आहे, सोफा मागच्या भिंतीला चिकटवलेला. भिंतीपाशी प्रत्येक घुमारा सगळ्यात जास्त असतो. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागे टणटण आली तर टाइल्सवर जाड गालिचा आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट हवं.

इथे खरी नवी वस्तू म्हणजे मोजायचा मायक्रोफोन. दहा हजारांच्या आतबाहेर यूएसबी माइक येतो, रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पूर्वी जे काम प्रयोगशाळेत व्हायचं ते मी आता सोफ्यावर बसून अर्ध्या तासात करतो. फुगलेले सूर डीएसपीच्या (आवाज आकडेमोडीने सुधारणाऱ्या) डब्याने खाली दाबता येतात. बुडालेले मात्र वर ओढू नका. जेवढी ताकद ओताल तेवढी खोली गिळते आणि वूफर जळतो. त्यासाठी जागा बदलायची किंवा खर्जाचा आणखी एक स्पीकर, म्हणजे सबवूफर, आणायचा. आणि ही दुरुस्ती २००-३०० हर्ट्झच्या खालीच ठेवा. वरचा आवाज चांगला करायचं काम स्पीकरचं आहे.

तर तुमचे दीड लाख. सर्वांत आधी सोफा भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा, एक पैसा खर्च न करता. आठवडाभर ऐका. मग स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावून बघा. फोमची कड असेल तर एव्हाना भुगा झाला असेल; रबराची असेल तर टिकलेली असेल. ही जोडी मात्र मी बदलेन, आणि साठ-सत्तर हजार त्यावरच घालेन, सत्तर मापांचा आलेख बघून. वडिलांचा जीव त्यात असेल तर जुनीची कड बदलून आतल्या खोलीत लावा. तीसेक हजारांचा सबवूफर घ्या, पण त्याला स्पीकरच्या वायरीवरून जोडणी घेता येते ना ते बघा. माइक आणि डीएसपीचा डबा मिळून पंचवीस-तीस हजार. तो डबा जुन्या अँप्लिफायरच्या मागे टेप आउट आणि टेप इन लिहिलंय तिथे बसतो, मग त्याची दुरुस्ती सबवूफरलाही लागू होते. गालिचा आणि कपाट उरलेल्यातून. फोनमधून आवाज काढायला हजार-दीड हजारांचा डॅक पुरे.

अँप्लिफायर भंगारात देऊ नका. ढोल लावल्यावर माथा छाटला जातोय असं वाटलं तरच क्लास डीचा विचार करू. तोपर्यंत मोठे कपॅसिटर तपासून घ्या, आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरत असेल तर त्यामागचा पॉट (फिरता रोध) साफ करायला मी चहाशिवाय काही घेत नाही.